मधलं माप

ही गोष्ट खरी आहे. मी बातमीदार आहे. पाहिलेलं आणि ऐकलेलं यांची सरमिसळ केली तर माझी नोकरी जाईल. जे मी फक्त ऐकलं, ते तसं सांगेन.

रात्र नव्हती. जानेवारीतली दुपार होती, लख्ख ऊन होतं. जागा म्हणजे माझ्या मावशीच्या घरातली मागची खोली.

आधी काकांबद्दल, मावशीकडून ऐकलेलं. काका म्हणजे मावशीचे यजमान. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी मागच्या खोलीतलं परसाचं दार विटा रचून बंद केलं. स्वतःच्या हातांनी. मावशी तिथे उभी राहून भिंतीपलीकडच्या शेजारणीशी बोलायची. हसायची.

"घराला दोन दारं कशाला? एक आहे ना," एवढंच म्हणाले.

चारी बाजूंनी उंच भिंत असलेलं ते परस मावशीने उभं आयुष्य खिडकीच्या गजांतून पाहिलं.

काका गेले आणि महिना उलटायच्या आत तिने ती भिंत फोडायला सांगितली. तिला फ्रेंच डोअर हवं होतं. दोन झडपा, वरपासून खालपर्यंत काच. नातेवाईक कुजबुजले. नणंद तर तोंडावर म्हणाली, "अजून त्याचे शर्ट खुंटीवर आहेत, आणि तुला काचेची दारं सुचतायत?"

"आत्ता नाही सुचत," मावशी म्हणाली. "सुचून जुनी झाली."

गवंड्याने भिंत फोडली. धूळ घरभर होऊ नये म्हणून प्लास्टिक टांगलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री माप घ्यायला आला. नवा माणूस. काकांना त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. ते गेल्याचंही त्याला ठाऊक नव्हतं.

अशा ओपनिंगची रुंदी तीन ठिकाणी मोजतात. वर, मध्ये, खाली. भिंत कुठे आत-बाहेर असेल तर कळतं.

मी आणि मावशी स्वयंपाकघरात चहा करत होतो. मागच्या खोलीतून मिस्त्रीचा आवाज येत होता.

"हां, वर धरा... बरोबर."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. घरात आम्ही तिघंच होतो.

"आता मध्ये... काका, कडेला टेकवा ना. चार बोटं आत धरलंय तुम्ही."

मग काहीच नाही.

"अहो काका... कडेला!"

चहा उतू गेला. गॅस कुणीच बंद केला नाही.

मी धावत गेलो. मिस्त्री एकटाच होता. टेपचं दुसरं टोक जमिनीवर पडलं होतं.

"कुठे गेले?" त्याने विचारलं.

"कोण?"

"म्हातारे गृहस्थ. प्लास्टिकमागून हात काढून टोक धरत होते. बोलता येत नाही का त्यांना?"

मी प्लास्टिक बाजूला केलं.

परस रिकामं होतं. दोन्हीकडे सिमेंटची धूळ पसरली होती. तिच्यावर पावलं होती... फक्त मिस्त्रीच्या चपलांची.

त्यानेही ती पाहिली. टेप उचलून म्हणाला, "आता टोक तुम्ही धरा. आणि मला दिसेल असं धरा."

मी धरलं. वरचं माप ठीक आलं. खालचंही तेवढंच.

मधल्याला टेप सरळ राहीना. छातीच्या उंचीवर... ती बाहेरच्या बाजूला वाकायची. कुणाला तरी वळसा घालून गेल्यासारखी.

"मघाशी कमी, आता जास्त," मिस्त्री म्हणाला. "दादा, असलं दार मी नाही बनवत."

तो गेला असता तर दुसरा आला असता, असं मला वाटलं. मावशीला तसं वाटलं नसावं. ती पुढे आली, माझ्या हातातलं टोक घेतलं आणि भिंतीला दाबून धरलं. रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली,

"अहो."

तो स्वर माझ्या ओळखीचा होता. बाजारात जाऊन येऊ का, असं विचारताना ती त्याच स्वरात बोलायची.

"अहो, बाजूला व्हा. तुमचं सगळं झालं ना मनासारखं? आता व्हा बाजूला."

टेप... हळूहळू सरळ झाली.

मिस्त्रीने आकडा वाचला. वरच्याइतकाच.

दार छान बसलं. मावशीचा फोन आला. इतकं खूश मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "उद्या दुपारी परसात बसणारे. तू चहाला ये."

मला जायला संध्याकाळ झाली. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. माझ्याकडच्या किल्लीने आत गेलो.

मावशी काचेपलीकडे होती. पायरीवर, दाराकडे पाठ करून. अंगावर शालसुद्धा नव्हती. दार आतून बंद होतं.

मी उघडलं. तिचे हात गार पडले होते.

"कधीपासून बसलीयेस?"

"जेवण झाल्यावर आले. पाठीमागे झडप लागली."

"काच फोडायची!"

"माझं दार मीच फोडू?"

"मग हाक तरी मारायचीस कुणाला."

"मारली की," मावशी म्हणाली. "ऐकली त्यांनी."

मी आत कुणाला पाहिलं नाही. हे फक्त ऐकलेलं आहे.

मावशी आता आमच्याकडे असते. घर विकायचं चाललंय. त्या दाराचं नाव ती काढत नाही.

मिस्त्रीला मी फोन केला होता. तो म्हणाला, झडप जोरात आपटली की हादऱ्याने बोल्ट खाली पडतो, नव्या दारांचं होतं असं. मावशीला मी तेच सांगितलं. सगळ्यांना तेच सांगतो.

पण त्या झडपेला बोल्ट दोन आहेत. खालचा पडू शकतो, मान्य.

वरचा वर सरकवावा लागतो.

तो मी माझ्या हाताने काढला. पूर्ण वर चढवलेला होता... आणि पुन्हा खाली घसरू नये म्हणून त्याची मूठ आडवी वळवून ठेवली होती.

हे मी मावशीला सांगितलेलं नाही. तिने विचारलेलंही नाही.