पंखाखालचा खळगा

शिझुओका शहरावर त्या दुपारी नव्या चहाच्या पानांचा वास तरंगत होता, आणि त्या वासात इवाओला छान डुलकी लागली होती. तेवढ्यात दार सरकलं. साचे घडवणारे म्हातारे सानो उंबऱ्यातच वाकून उभे राहिले.

"सेत्सूसान, आज संध्याकाळी सगळ्यांसमोर मला चोर ठरवून कामावरून काढणार आहेत."

सेत्सू ओनुमा शहरातली नावाजलेली खासगी गुप्तहेर. इवाओ तिचा मदतनीस, म्हणजे सगळ्यात शेवटी ज्याच्या डोक्यात प्रकाश पडतो तो.

सानोंनी दोन पंख पुढे ठेवले. मुलं खाऊच्या दुकानातून घेतात त्या स्वस्त प्लास्टिकच्या विमानाचे. एक त्यांच्या आमेमिया कारखान्याचा, दुसरा ओसाकाच्या एका कंपनीने चोरून बाजारात आणलेला. दोन्हींच्या टोकाला अगदी तोच बारीक ओरखडा.

"मालक म्हणतात, ओरखडा आपल्या साच्यातला, म्हणजे साचाच बाहेर गेला. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते."

सेत्सूने पंखावर पंख ठेवला. "इवाओ, काय दिसतं?"

"नकली एवढासा आखूड आहे. स्वस्तातल्या मालात चालायचंच."

तिने दोन्ही उलटे केले. अस्सल पंखाच्या मुळाशी उथळ खळगा होता. नकली तिथे गुळगुळीत.

"कमाल आहे! चोराचा माल सावापेक्षा सरस?" इवाओ हसला.

सानो ओशाळले. "थंड होताना तिथलं प्लास्टिक आत खचतं. साच्यातला दोष. पण पंखाखाली कोण बघतंय?"

कारखान्याच्या छताला दोऱ्यांनी शेकडो विमानं टांगलेली होती. वारा आला की सगळी एकदम वळत. वर बघता बघता इवाओला आपलेच पाय जमिनीवरून सुटल्यासारखे वाटले, आणि फार बरं वाटलं.

विक्री बघणारा एइजी हा मालकाचा पुतण्या. "ओसाकाला? जातो की दर महिन्याला! म्हणून मी चोर?"

"हा खळगा कधीचा आहे?" सेत्सूने विचारलं.

"कसला खळगा? बाई, मी विमानं विकतो, कुरवाळत नाही."

तोमोए तपासणीच्या टेबलाशी होती. एकेक पंख उचलायची, उलटा करायची, मुळाशी अंगठा फिरवायची आणि हळूच ठेवायची. जणू झोपलेल्या बाळाची कूस बदलत होती.

"हा खळगा बुजवा म्हणून मी सानो उस्तादांच्या मागे लागून थकले," ती म्हणाली. "ते नुसते हसतात."

सेत्सूने नकली पंख तिच्या हातात दिला. तोमोएने तो वरून पाहिला. "ओरखडा आमचाच," म्हणाली आणि खाली ठेवला.

संध्याकाळी सगळे जमले. मालक आमेमिया तोंड उघडणार, तोच सेत्सू पुढे झाली.

"साचा बाहेर गेलाच नाही. गरम प्लास्टिक निवताना आकसतं. आमेमियांचा पंख एकदा आकसलेला. त्या पंखावरून नवा साचा केला, तर त्यातला पंख पुन्हा आकसणार. म्हणून नकली आखूड आहे. ओरखडाही पंखावरूनच उतरला. त्यासाठी किल्ली कशाला? दुकानातलं विमान पुरे."

"मग चोर कोणीही असेल!" एइजी ओरडला.

"ओरखडासुद्धा न पुसणारी ओसाकाची कंपनी खळगा बुजवत बसणार नाही; तिला नमुना देण्याआधी ज्याने तो भरला, तोच चोर. तुम्हाला खळगा आहे हेच ठाऊक नव्हतं. सानोंना ठाऊक होतं, पण 'कोण बघतंय' म्हणणारा माणूस तो भरत बसणार नाही. आणि एक बाई दिवसभर प्रत्येक पंख उलटा करून बघते. हा एकच तिने उलटा केला नाही. तिथे काय सापडणार ते तिला माहीत होतं."

वर विमानं सावकाश वळली. इवाओला वाटलं, तोमोएने नाही म्हणावं.

"मी एक पैसा घेतला नाही," तोमोए म्हणाली. "तो पंख एकदा तरी निर्दोष झालेला बघायचा होता. उस्ताद, आळ तुमच्यावर येईल असं मनातही आलं नव्हतं. आला, तेव्हा बोलायची छाती झाली नाही. माफ करा."

मालक सानोंपुढे कमरेत वाकले. सानोंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी नकली पंख उचलला, उलटा केला आणि डोळे मिटून मुळाशी अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले.

"छान भरलायस गं," ते म्हणाले. "तुला जावं लागेल, ते काही माझ्या हातात नाही. पण जाण्याआधी आत ये. साचा उघडतो. कुठे दुरुस्त करायचा ते दाखवून जा."

त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि तिच्या हातात दिली.