ग्रामपंचायतीच्या पडद्यावर समिधा

समिधा शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात पडदे बंद करायला आली होती, आणि अंकुर नेमका एक चालू करत होता.

साल २००९. दुबईत, अल बर्शातल्या तिच्या कंपनीने नव्या टॉवरांच्या लॉबीत लावायला मोठमोठे डिजिटल पडदे बनवून घेतले होते. मंदी आली आणि टॉवर सातव्या मजल्यावर दम लागून थांबले. पडदे हनीफभाईंच्या वर्कशॉपमध्ये भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांची मोजणी करून प्लग काढायला कंपनीने समिधाला धाडलं.

"हा माझ्या यादीत नाही," चालू पडद्याकडे बोट दाखवून ती म्हणाली.

"यादीत मीपण नाही," अंकुर म्हणाला. "तरी बघताय की."

ती पुण्याची. असल्या उत्तराला तिकडे लगेच प्रत्युत्तर द्यायची रीत आहे. पण तिला हसू आलं... आणि रीत राहून गेली.

काचेला चरा गेला म्हणून कंपनीने नाकारलेला तो पडदा हनीफभाईंनी आपल्याकडे कामाला असलेल्या अंकुरला देऊन टाकला होता. अंकुर तो कार्गोने देवगडजवळच्या आपल्या आंबेखोल गावी पाठवणार होता. ग्रामपंचायतीच्या ओसरीत लावायचा. गल्फमधल्या पोरांनी इकडून फोटो पाठवायचे, गावाने तिकडे बघायचे. पडदा होता, गाव होतं, फक्त प्रोग्रॅम नव्हता. आणि समिधाचं कामच प्रोग्रॅम लिहायचं.

पुढचे सहा शुक्रवार, तिकडच्या सुट्टीचे, ती बस बदलत शारजाला गेली. रूममेटला तिने सांगितलं, सोशल वर्क आहे. ऑगस्टातल्या शारजात कोणी सोशल वर्कसाठी केसांत मोगरा माळून जात नाही, हे रूममेटने मोठ्या मनाने बोलून दाखवलं नाही. तिसऱ्या शुक्रवारी 'तुम्ही' गेलं, 'तू' आलं. ती चहात साखर किती घेते, हे अंकुरने न विचारता ओळखलं. साफ चुकीचं ओळखलं. पण तो पाक तिने सहाही शुक्रवार प्यायला.

पडदा गावी लागला. चालतोय का बघायला एक फोटो पाठवायचा होता, तो हनीफभाईंनी काढला: वर्कशॉपच्या दारात दोघं, समिधा कॅमेऱ्याकडे बघतेय, अंकुर समिधाकडे. गावाहून फोन आला – दिसला, छान दिसला.

समिधाने प्रोग्रॅममध्ये एक नियम घातला होता. नवा फोटो येईपर्यंत जुना जायचा नाही. रोज दहा तरी येतील, असा तिचा अंदाज. पण त्याच आठवड्यात गावच्या पोरांच्या बांधकामाच्या दोन साइट खलास झाल्या. बॅग भरायला घेतलेला माणूस गावाला आपला फोटो पाठवत नाही. एकही आला नाही.

अकरा दिवस आंबेखोलने दाखला काढताना, पाणीपट्टी भरताना, एसटीची वाट बघताना या दोघांनाच पाहिलं. लग्न ठरल्याशिवाय त्या गावात कोणी जोडीने फोटोला उभं राहत नाही, पंचायतीत झळकणं तर दूरच. चौथ्या दिवशी कोणीतरी पडद्यापुढे नारळ ठेवला. सातव्या दिवशी अंकुरच्या आईने, आशाबाईंनी, काचेवरच समिधाच्या कपाळी कुंकू लावलं. दहाव्या दिवशी सरपंचांनी मांडवाची तारीख विचारली.

अकराव्या दिवशी हनीफभाईंनी वर्कशॉप बंद करायचं ठरवलं. अंकुरचा व्हिसा कॅन्सल. महिन्याभरात गावी परत. त्याने समिधाला सगळं सांगितलं – व्हिसा, नारळ, कुंकू, मांडव.

"तू तो फोटो काढून टाक," तो म्हणाला. "गावाला मी समजावतो."

"काय समजावशील?"

"की... ती नुसती टेस्ट होती."

"मग? पास झालो की नापास?"

अंकुर हातातली वायर उगाच गुंडाळत राहिला. "नोकरी गेलेल्या माणसाने असल्या परीक्षेला बसू नये, समिधा."

"म्हणजे बसायचं होतं."

"सहा शुक्रवार दुसरं काय करत होतो?"

तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "आईंना फोन लाव."

त्याने लावला. तिने तो काढूनच घेतला.

"आई, मी समिधा. पडद्यावरची. अंकुर पुढच्या महिन्यात येतोय. माझं काँट्रॅक्ट मार्चला संपतं, मग मी येते. आणि... फोटो खरा आहे. असू दे तिथेच."

पलीकडून समुद्राची गाज ऐकू येत होती. तिच्यावर आवाज चढवून आशाबाईंनी विचारलं, "मासे खातंस मां गो?"

समिधाने जन्मात मासा तोंडात घातला नव्हता. तिने अंकुरकडे पाहिलं. तो दोन्ही हात जोडून, खोटं बोल, खोटं बोल, म्हणून विनवत होता.

"नाही हो," ती म्हणाली. "पण मार्चपर्यंत शिकते."