तीन दिवसांचं पीठ

फोन ठेवला आणि प्रभावतीबाईंच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. नाशिकच्या सुलोचनाआक्कांनी कौतुकासाठीच फोन केला होता... शनिवारी दळलेलं पीठ सोमवारी सकाळी दारात, तुझ्या पोरानं कमाल केली बघ, म्हणून! पण शनिवारी चतुर्दशी होती. चतुर्दशीला प्रभावतीबाईंचा उपवास आणि शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या गिरणीला कुलूप. एकोणतीस वर्षांत त्यात बदल नव्हता. मग शनिवारी दळलं कोणी?

कोणीच नाही. पीठ गुरुवारचं होतं, त्यांनीच दळलेलं; पिशवीवर तारीख तेवढी पोरानं शनिवारची टाकली होती.

व्रत पाळणारी जैन माणसं दळलेलं पीठ थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीनच दिवस खातात. पुढचं त्यांना वर्ज्य. प्रभावतीबाई गहू निवडून, धुऊन, वाळवून दळत, पिशवीवर दळल्याची तारीख टाकत आणि मुदत संपलेलं पीठ गाईला घालत. नवरा शांतिनाथ गेला तेव्हा पोरगा अरिहंत तीन वर्षांचा होता. माहेरची वाट न धरता, सगळी हौसमौज जाळून, त्या माउलीनं याच पिठावर त्याला इंजिनिअर केलं होतं!

आणि त्यानं काय केलं? शिरोलीच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि गिरणी ऑनलाइन न्यायची म्हणून उन्हाळाभर भुणभुण लावली. त्यांनी एकच विचारलं होतं : पोचायला चार-पाच दिवस लागले तर पिठाच्या मर्यादेचं काय? ते आधी सांग, मग ठरवू. उत्तर न देताच श्रावणात त्यानं ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. रातोरात बसनं पाठवतो, म्हणाला. त्यांनी विश्वास ठेवला. स्वतःच्या त्या भाबडेपणाचाही आता त्यांना संताप आला होता.

दुपारी अरिहंत कुरिअरच्या ऑफिसातून आला तेव्हा त्यांनी तारखेचा शिक्का त्याच्यासमोर आपटला. त्यानं नाकारलंसुद्धा नाही.

"दोन दिवसांनी काय बिघडतंय, आई? किडा न्हाय, वास न्हाय. हितली जुनी गिऱ्हाईकं एकेक करून संपाय लागलीत. दोन वर्सांत गिरणीला कायमचं कुलूप लागंल. तुझ्यासाठीच केलं की."

"माझ्यासाठी?" प्रभावतीबाईंचा आवाज चिरला. "आक्कांचा नवरा गेला, तरणाताठा पोरगा गेला, पण बाईनं नेम सोडला न्हाय. त्यो तू एका शिक्क्यानं मोडलास. त्यास्नी कळलंबी न्हाय, वर तुझं गुणगान गात्यात! त्यांच्या घरात चोरी केली असतीस तर मी सोसलं असतं... किती जणांना पाठवलंस असं?"

"सतरा."

"लाव फोन. माझ्यासमोर. एकेकाला सांग."

पहिल्यानं ऐकता ऐकताच फोन आपटला. दुसऱ्यानं आयमाय काढली. सोलापूरचे एक निवृत्त मास्तर, अशा आईच्या पोटी असा कसा निपजलास, म्हणाले. अरिहंतनं खाली मान घालून पुढचा नंबर लावला. आपल्याला समाधान वाटेल असं प्रभावतीबाईंना वाटलं होतं. वाटलं नाही. जीव नुसता करपत गेला.

सहावा फोन सुलोचनाआक्कांचा. अरिहंत भलतंच काहीबाही बोलत राहिला. प्रभावतीबाईंनी फोन ओढून घेतला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"तुझं नाव बघून मी डोळं झाकून खाल्लं गं, प्रभावती..."

"माझ्या घराची चूक ती माझीच, आक्का. तुम्ही सांगाल ते प्रायश्चित्त मी घेते."

पुढचे फोन त्यांनीच केले. एकोणतीस वर्षांत जोडलेलं नाव त्या स्वतःच्या हातानं मातीत घालत होत्या, आणि पोरगा भिंतीला टेकून ऐकत होता. अखेर त्याला साहवेना. सगळं बंद करतो, परत नोकरी बघतो, म्हणाला.

"बंद कशाला?" त्या कडाडल्या. "गहू पाठव. निवडून, धुऊन, वाळवून मी देते. गव्हाला तीन दिवसांची अट न्हाय. ज्याचं त्यानं तिथं दळावं."

"मग आपली गिरणी?"

"थांबंल," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी गिरणीकडे पाठ फिरवली. राग अजून गेला नव्हता. पण त्या रागाच्या तळाशी केवढी वेदना होती, हे अरिहंतला आज पहिल्यांदा दिसलं!

बाहेर अंधारून आलं होतं. त्यानं एकदम खिडकीकडे पाहिलं. दिवस मावळल्यावर आई पाण्याचा घोटही घेत नाही, आणि आज तर सकाळपासून...

"आई, जेवायचं राहिलं तुझं."

"अजून चार फोन राहिलेत."

अरिहंतनं हलकेच तिच्या हातातून फोन घेतला. चारही माणसांना त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, शिव्या ऐकून घेतल्या, मध्येच एकदा रडलाही, पण थांबला नाही. संपल्यावर तो आईच्या पायाशी येऊन बसला.

"ताट झाकून ठेवलंय. जेव जा," ती म्हणाली. तो बाहेर रात्री-अपरात्री जेवून येतो, हे तिला कधीचंच ठाऊक होतं.

"सकाळी," तो म्हणाला. "तुझ्यासंगं."

प्रभावतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पण हात मात्र त्याच्या डोक्यावर ठेवला.