सगळ्यात आधी कुणाला सांगणार

बाबांचा शेवटचा साधा दिवस मंगळवार होता. त्या सकाळी आमच्याकडे वाद चालला होता प्रेशर कुकरच्या रिंगेवरून.

हाराधनकाकांचं म्हणणं, दोन रिंगा पुरेत. बाबांचं म्हणणं, चार. तीन हजार मीटर उंचीवर रिंग फाटली तर भात कच्चा राहतो, आणि भात कच्चा राहिला की बंगाली माणसाचं सगळं धाडस संपतं. हाराधनकाका आमचे आचारी, मेदिनीपूरचे. बाबांच्या प्रत्येक सहलीबरोबर ते जात. वाळवंटात मीठ वाहणाऱ्या उंटांच्या मागे, गोठलेल्या नदीवरून... कुठेही. मंडळी कितीही शूर असली तरी संध्याकाळी मोहरीच्या तेलाचा वास आल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही, हे बाबांना तीस वर्षांत कळून चुकलं होतं.

भवानीपूरच्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे ‘उल्टोपथ’चं, उलट्या वाटेचं, ऑफिस. जिथे कुणी जात नाही तिथे माणसं न्यायची, हा बाबांचा उद्योग. त्या वर्षीचा बेत किर्गिझस्तानचा होता. तिथले धनगर उन्हाळा संपताना डोंगरावरची कुरणं सोडून मेंढ्या, घोडे आणि तंबूंसकट खाली गावात उतरतात. त्यांच्याबरोबर बारा दिवस उतरायचं. तिकिटं, व्हिसा, पत्रव्यवहार माझ्याकडे. अकरा वर्षं मी लोकांना जगाच्या टोकापर्यंत पाठवत होते आणि स्वतः कुठेही गेले नव्हते. आई गेल्यापासून घरी कुणीतरी असायला हवं, असं मी म्हणत असे. ते कुणी खोडून काढलं नाही.

साडेअकराच्या सुमारास दारात एक उंच माणूस उभा राहिला. हातात औषधांची बॅग, शर्टावर पांढरे केस... त्याचे नव्हेत, कुणा प्राण्याचे.

“मित्रबाईंचं घर हेच ना? मांजर आजारी आहे म्हणून—”

“मांजर शेजारी,” बाबा वहीतून डोकं वर न काढता म्हणाले. “इथे घोडे आहेत.”

तो वळायचा तो वळला नाही. भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत राहिला. मग आत आला, बसला, आणि मांजर तिकडे वाट पाहत राहिलं. त्याचं नाव उज्जयन घोषाल, गुरांचा डॉक्टर. निदान शिकला तरी तेच. प्रत्यक्षात अलीपूरच्या लाडावलेल्या कुत्र्यांची पोटं साफ करण्यात त्याची नऊ वर्षं गेली होती. खरा कळप त्याने अजून पाहिलाच नव्हता.

मी कामाच्या सुरात विचारलं, घोड्यावर बसलात का कधी?

“नाही,” तो म्हणाला. “एक घोडा माझ्यावर बसलाय. कॉलेजात असताना.”

मला हसू आलं, आणि ते लपवायला मी खाली पाहिलं. वर पाहिलं तेव्हा तो अजून माझ्याकडेच पाहत होता.

बाबांनी मग त्याला तो एक प्रश्न विचारला. येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, वय आणि रक्तदाब विचारायच्या आधी. “परत आल्यावर सगळ्यात आधी कुणाला सांगणार?”

डॉक्टर गडबडला. अजून ठरलेलं नाही, म्हणाला. बाबा म्हणाले, मग ठरवून या. ज्याला सांगायला कुणी नसतं तो वाटेत थांबून काही बघत नाही, नुसता चालत सुटतो. असा माणूस मी नेत नाही.

मग ते उठले. पाचव्या दिवसाची वाट त्यांच्या वहीत कोरीच होती. एक खिंड होती, ती कुठल्या बाजूने उतरायची ते नक्की होत नव्हतं. कॉलेज स्ट्रीटवरच्या एका जुन्या दुकानात त्या भागाचा नकाशा आल्याचं त्यांना कळलं होतं. छत्री घेतली, चष्मा शोधला. “मा, येतो गं,” म्हणाले. ते मला ‘मा’च म्हणत, आमच्याकडे लेकीला म्हणतात तसं.

आमच्याकडे कुणी बाहेर निघालं, अगदी मासळीबाजारात का होईना, की घरात राहणाऱ्याने ‘दुग्गा दुग्गा’ म्हणायचं. देवीने वाट सांभाळावी म्हणून. आई म्हणत असे. आई गेल्यावर बाबा सगळ्या प्रवाशांना म्हणत, मला म्हणत, हाराधनकाकांना म्हणत. त्यांना म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मला ते शब्द तोंडातून काढायची लाज वाटे. एवढी पुस्तकं वाचलेली मी, देवीला कशाला मध्ये घालू? पण बाबा निघताना कडीला हात लावून एक क्षण थांबत, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशीही थांबले असतील. मी पाहिलं नाही. मी डॉक्टरकडे पाहत होते.

दुपारी साडेतीनला त्या दुकानात नकाशा उलगडून पाहता पाहता ते स्टुलावर बसले, आणि पुन्हा उठले नाहीत.

श्राद्ध झालं. सहलीत नाव घातलेल्या नऊ जणांचे फोन येऊ लागले. सगळे हळू आवाजात बोलत. निशीथबाबूंशिवाय कसं होणार, असं म्हणत. पाच जणांनी नावं काढून घेतली. धाकटे काका म्हणाले, आता हे बंद कर, खोली एखाद्या औषधवाल्याला भाड्याने दे. हाराधनकाका कोपऱ्यात बसून मोहरी निवडत होते. मोहरी निवडायची काहीच गरज नव्हती.

“सहल होणार,” मी म्हटलं. कुणाला म्हटलं कोण जाणे. “मी नेणार.”

काका हसले. हाराधनकाकांनी मोहरी खाली ठेवली आणि विचारलं, “मग रिंगा किती घेऊ, दिदिमणी?”

“चार.”

पुढच्या शनिवारी डॉक्टर आला. दारातूनच विचारलं, “घोडे आहेत की मांजर?”

मी कोरडेपणाने सांगितलं, सहल ठरल्याप्रमाणे आहे, माहिती पत्राने येईल. तो गेला. पुढच्या शनिवारी पुन्हा आला... त्याच्या पुढच्याही. कधी घोड्यांच्या खुरांवरचं पुस्तक, कधी लिंबं, कधी काहीच नाही. मी त्याला बस म्हणत नसे. तो बसे. वहीतली पानं आम्ही एकेक करून पुरी करत होतो आणि मी त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. त्याचा हात नकाशावर माझ्या हाताजवळ आला की मी माझा काढून घेई. मला तो आवडत होता, हेच मला सहन होत नव्हतं.

मेच्या मध्यावर एका संध्याकाळी कालबैशाखीचं वादळ आलं. आकाश एका मिनिटात शाईसारखं झालं, वाऱ्याने गल्लीतला सगळा पाला आमच्या ऑफिसात आणून टाकला. आम्ही दोघं कागद धरायला धावलो. खिडकी लावताना त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला. ओल्या मातीचा वास, अंधार, आणि मी एकदम बोलून गेले.

“त्या दिवशी बाबा दारात थांबले होते. मी एक शब्द म्हणायला हवा होता. मी तुमच्याकडे पाहत होते.”

वाऱ्याने दार उघडलं आणि आपटलं. आमच्या दाराची लोखंडी कडी जन्मापासूनची वाजणारी. गल्लीच्या टोकाला कळतं, आम्हा सान्यालांकडे कुणीतरी आलं किंवा गेलं.

“ही कडी नेहमी अशीच वाजते?” त्याने विचारलं.

“नेहमीच.”

“त्या दिवशी वाजली नाही.” तो सावकाश, आठवत आठवत बोलत होता. “मी दाराकडे तोंड करून बसलो होतो. ते थांबले. आपल्या दोघांकडे पाहिलं त्यांनी. हसले का, ते मला आठवत नाही... तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं सांगणार नाही. पण दार लावताना त्यांनी कडी हातात धरली होती. आवाज होऊ नये म्हणून.”

मी तो दिवस किती वेळा आठवला होता. पण कडीचा आवाज त्यात कुठेच नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पाऊस सुरू झाला. टपोऱ्या थेंबांनी पत्रा वाजू लागला. मी रडले नाही. फक्त नकाशावरचा पाला झटकला आणि पहिल्यांदाच त्याला म्हटलं, “बसा ना.”

“महिनाभर बसतोच आहे, मेखलादेवी,” तो म्हणाला. “पण म्हटलंत, बरं वाटलं.”

जूनमध्ये मी चूक केली. उरलेल्या चारांपैकी तिघं मागे लागले होते, सप्टेंबरात कुठली रजा? दुर्गापूजेच्या सुट्टीत, ऑक्टोबरात न्या. आपला बंगाली माणूस जगबुडी झाली तरी पूजेच्याच सुट्टीत बाहेर पडतो. गळालेल्या पाचांपैकी दोघंही परत येतो म्हणाले. उज्जयनलाही तेच सोयीचं होतं. त्याच्या दवाखान्यातल्या भागीदाराच्या घरी सप्टेंबरात बाळ येणार होतं आणि तो महिना दवाखाना एकट्या उज्जयनवर होता. मी सहल ऑक्टोबरात ढकलली. खरं सांगायचं तर, दोघांसाठी नाही, एकासाठी ढकलली. आठवडाभर मी गुणगुणत होते. हाराधनकाकांनी दोन मंकी टोप्या विकत घेतल्या, एक माझ्यासाठी.

मग धनगरांच्या जिल्दिज आपांना कळवलं. त्यांची मुलगी शाळेत इंग्रजी शिकवते, ती फोनवर दुभाषी होती. पलीकडे आपा बराच वेळ हसल्या. मुलीने सांगितलं, “आई म्हणते, या की. ऑक्टोबरात वर बर्फ असेल आणि तुम्ही असाल. आम्ही आणि मेंढ्या खाली असू.”

मी बाबांची वही पुन्हा उघडली. पहिल्याच पानावर त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘पूजेची सुट्टी मागतील. द्यायची नाही. गवत कुणासाठी थांबत नाही.’ मी हे पान वाचलं होतं. वाचून उलटलं होतं.

शनिवारी तो आला तेव्हा मी उभीच होते.

“सप्टेंबर,” मी म्हटलं.

तो समजला. हातातली लिंबं टेबलावर ठेवून त्याने एकेक करून ओळीत लावली. “मग मी नसेन.”

“माहीत आहे.”

“ऑक्टोबरात नुसतं फिरून आलो तरी चाललं असतं. बर्फही बरा दिसतो म्हणतात.”

“फिरायला दार्जिलिंग आहे. ही बाबांची सहल आहे.”

मला वाटलं तो रागावेल. तो नकाशाकडे गेला आणि खिंडीवर बोट ठेवलं. “पाचवा दिवस अजून कोरा आहे,” म्हणाला. “तो तरी पुरा करू.”

कॉलेज स्ट्रीटच्या दुकानदाराने बाबांच्या सामानाबरोबर तो नकाशाही पाठवला होता. मी तो तोवर उघडला नव्हता. त्या दुपारी आम्ही दोघांनी उघडला. पाठीवर ओझं असलेला घोडा सरळ उतारावर पाय टाकायला बिचकतो, उज्जयन म्हणाला, तिरक्या वाटेने उतरा, ओढ्याच्या उजव्या हाताने. जिल्दिज आपांना विचारलं. त्या म्हणाल्या, आमचे आजेही तिथूनच उतरायचे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

“कुत्र्यांच्या डॉक्टरने,” मी सांगितलं.

तिघांनी रजा काढल्या, कशा ते मी विचारलं नाही. चौथ्या होत्या शेजारच्या मित्रबाई, वय त्रेसष्ट. मांजर उज्जयनकडे ठेवून त्या निघाल्या होत्या. बाबांचा प्रश्न मी सगळ्यांना विचारला. मित्रबाई म्हणाल्या, “मांजराला. दुसरं कोण ऐकतंय?” मी त्यांचं नाव लिहून घेतलं.

निघायचा दिवस उजाडला. सकाळी सातला टॅक्सी दारात आली. हाराधनकाकांनी उकाड्यात मंकी टोपी चढवली होती, सामानात जागा नव्हती म्हणून. तांदूळ, कुकर, चार रिंगा, तेलाचे डबे बाहेर गेले. माझ्या पाठपिशवीत कपड्यांच्या वर बाबांची वही होती. उज्जयन किल्ली घ्यायला आला होता. संध्याकाळी दवाखाना संपला की तो ऑफिस उघडून बसणार होता, फोन घ्यायला.

टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला. आम्ही दोघं खोलीत उभे होतो.

“एक राहिलं,” तो म्हणाला. “सगळ्यांना विचारलंत. तुम्हाला कुणी विचारलं नाही. परत आल्यावर सगळ्यात आधी कुणाला सांगणार?”

अकरा वर्षं कुणी परतलं की मी ऐकत असे. आणि मला काही सांगायचं असलं, तर ते ऐकणारा माणूस एप्रिलमध्ये गेला होता. मी उज्जयनकडे पाहिलं. शर्टावर मांजराचे केस होते.

“तुम्हाला,” मी म्हटलं. “विमानतळावर या. घरी पोचेपर्यंत दम निघायचा नाही मला.”

त्याचे कान लाल झाले. एवढ्या मोठ्या माणसाचे कान लाल होताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

“मीही ठरवलंय,” तो म्हणाला. “पुढल्या वर्षी सप्टेंबरात. तुमच्या बाबांना उत्तर द्यायचं राहिलं होतं... मी कुणाला सांगायचं नाही म्हणतो. जिला सांगायचं ती बरोबरच असेल.”

मी पिशवी खांद्यावर घेतली. दाराशी आले, कडीला हात लावला, आणि माझा पाय आपोआप थांबला. बरोबर तिथेच, जिथे बाबा थांबत. म्हणजे एवढाच वेळ असायचा तो. एका शब्दापुरता.

मागून उज्जयन अवघडत, हळूच म्हणाला, “दुग्गा दुग्गा.”

मी मान हलवली, पण निघाले नाही. पाठीवर वहीचा कोपरा टोचत होता. ही सहल बाबांची होती. निघत होते ते. आणि घरातलं माणूस मी होते.

“दुग्गा दुग्गा, बाबा,” मी म्हटलं, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.