गिऱ्हाईक हातचं जाऊ नये

सह्याद्रीच्या पोटात खोदलेल्या, बियाणं गोठवून जपणाऱ्या बीजकोठीचं दार एका संवादिकेच्या, म्हणजे माणसासारखं बोलणाऱ्या संगणकाच्या, ताब्यात होतं, आणि ती संवादिका उल्का सोनटक्केनं एका दुपारीत उभी केली होती. नव्यानं कोण लिहीत बसणार? पैठणीच्या दुकानासाठी पूर्वी बनवलेला साचा हाताशी होता. नाव बदललं, पैठण्यांच्या जागी बियाणं भरलं, दिली यंत्रणेवर चढवून. सगळे असंच करतात हो, साचा असतोच त्यासाठी! फक्त दुकानाचा मूळ नियम पुसायचा राहिला: गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नाही.

आता उणे वीस अंशांत केळुसकर सर अडकले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ माणूस, पाच मिनिटांत येतो म्हणून साध्या स्वेटरवर आत गेलेला.

"दार उघड गं बाई!"

"उघडते की! पण काका, ज्वारीचं हे जुनं वाण न बघताच निघालात? बसा तरी."

दार कापणारी माणसं साताऱ्याहून निघाली होती, पण घाट चढायला वेळ लागणार होता. वीज तोडावी तर थंडी राखण्यासाठी दार आपोआप कुलूपबंद व्हायचं. उल्का बाहेर, आतलं दाखवणाऱ्या पडद्यासमोर बसून माइकवर बोलत होती.

"सर, नियम काढलाय. नवी आवृत्ती तयार आहे, पण लागूच होत नाही. संभाषण चालू असताना संवादिका बदलत नाही. गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून मीच तसं ठेवलं होतं. तिचं स्वतःचं बोलणं सोडून आत दहा मिनिटं कसलाही आवाज झाला नाही, की संभाषण संपलं असं धरलं जातं. मग बदल होईल."

"म्हणजे मी गप्प बसायचं? आमच्या हिची जन्माची मागणी ही!"

सर गप्प बसले. उल्कानंही माइक बंद केला.

"काका, रागावलात का?" संवादिका लाडीगोडी लावत राहिली. "चहा सांगू?"

सर बधले नाहीत. सात मिनिटं झाली, आणि थंडीनं त्यांचे दात वाजू लागले.

"बोला काका, ऐकतेय!"

घड्याळ पुन्हा शून्यावर आलं. सरांनी स्वेटरची बाही तोंडात कोंबली. मग अंगाच्या थरथरीनं मागची पोलादी मांडणी खडखडली आणि पुन्हा शून्य. असं किती वेळा झालं, उल्कानं मोजणं सोडलं. स्वतःची तिला इतकी चीड आली होती की डोळ्यांतलं पाणीही पुसावंसं वाटेना.

आणि मग आवाज थांबला. पडद्यावर सर मांडणीला टेकून शांत बसलेले दिसत होते. तीन मिनिटं. चार. जमलं! उल्का उठून उभीच राहिली.

पाचव्या मिनिटाला तिला आठवलं. हे तिला सरांनीच शिकवलं होतं: शरीरात ताकद असेपर्यंतच ते कुडकुडतं. हार मानली की कुडकुडणं थांबतं.

तिचा हात माइकवर गेला. सर, बोला, काहीही बोला! पण तिचा आवाज आत गेला असता तर तोही मोजला गेला असता, पुन्हा शून्यापासून. आणि सरांकडे आणखी दहा मिनिटं होती का? तिनं तोंडावर हात दाबून धरला आणि बघत राहिली. त्यांची बोटंही हलत नव्हती.

दहा.

"नवी आवृत्ती लागू झाली आहे," संवादिका अदबीनं म्हणाली. "दार उघडलं आहे. आपण बाहेर येऊ शकता."

कुणी आलं नाही. उल्का आत धावली.