झेलीची हाक

मिरेय त्या दुपारी निघाली ती फक्त बाप्तिस्म्याचे बदाम पोचवायला. साखरेत घोळलेले हे बदाम थोरामोठ्यांच्या हातावर नेऊन ठेवायचे, अशी क्वेबेकमधली जुनी रीत. सेंट लॉरेन्स नदी गोठली होती, रस्ता मोकळा होता, मागच्या सीटवर तीन महिन्यांची लेक गाढ झोपली होती. घाबरावं असं काहीच नव्हतं.

गरोदरपणात मिरेयला पूर्वजांचं वेड लागलं होतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सहून इथं जंगल तोडायला आलेला तिव्हिएर्ज घराण्याचा मूळपुरुष, त्याची पोरं, त्या पोरांची पोरं... गावच्या दफनभूमीत ती पोट सांभाळत दगडांवरचं शेवाळ खरवडत बसायची. तिथंच तिला ते नाव सापडलं. झेली. शेजारी शेजारी तीन छोटे दगड, तिन्हींवर तेच. इतकं लाडकं नाव घराण्यातून पुसलं का जावं? तिनं ते लेकीला दिलं.

बदाम न्यायचे होते ते अल्फोन्सिनकडे, तिच्या आजोबांच्या बहिणीकडे. नव्वदी गाठलेली, पण जिभेला अजून धार.

"बाळ बापावर गेलं नाही, देवाची कृपा," म्हातारी बदाम चघळत म्हणाली. "नाव काय ठेवलंस?"

"मारी-झेली. मारी काय, सगळ्याच पोरींना लागतं. हाक मारायला झेली."

म्हातारीचं तोंड चालायचं थांबलं.

"कुठं मिळालं तुला हे नाव?"

"तीन दगडांवर आहे, आत्याआजी. किती लाडकं असेल..."

"लाडकं? अगं वेडे, मूल गेलं की त्याचं नाव पुढच्याला द्यायचे तेव्हा. त्या तिघी माझ्या बहिणी. एक गेली, दुसरीला झेली. ती गेली, तिसरीला. चौथी मी."

"तू?"

"बाप्तिस्म्यात पाद्र्यानं मलाही झेलीच म्हटलं. पण चर्चमधून परतताना बाबा म्हणाले, हिला अल्फोन्सिन म्हणा, ते नाव घरात काढायचं नाही." तिचा आवाज खाली आला. "कारण त्या यायच्या... आपल्या नावाच्या मुलीला खेळायला न्यायला. जन्मभर सांगत आले गं, इथं त्या नावाचं कुणी नाही."

मिरेयला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"मी... मी आजपासून हिला रोझ म्हणेन."

"आणि आजवर मारलेल्या हाका? त्या कशा परत घेशील?"

बाहेर अंधारून आलं. चूल पेटलेली असूनही खोलीत गारवा शिरला आणि ओल्या लोकरीचा वास पसरला. मग दारावर टकटक झाली. फार खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर.

"झेली आहे का?" बारीक आवाज आला.

मिरेयनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. म्हातारीनं नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाळानं हुंकार दिला. टकटक थांबली. दारापलीकडे कुणीतरी खुदकन हसलं.

म्हातारीनं क्षणभर डोळे मिटले. मग उठली, शाल पांघरली.

"आले गं, आले," ती दाराकडे जात म्हणाली. "मीच झेली."

"आत्याआजी, नको!" मिरेय ओरडली, पण पाय जागचे हलेनात. काही केल्या हलेनात.

धीर करून ती दारात आली तेव्हा बर्फात चिमुकल्या पावलांच्या तीन रांगा आलेल्या होत्या, आणि चार गेलेल्या. दारातून बाहेर गेलेलं मोठ्या माणसाचं पाऊल एकही नव्हतं. म्हातारी सकाळी त्या तीन दगडांपाशी सापडली.

बर्फ वितळलं. म्हातारीनं आपल्यासाठी जीव दिला, आता सुटलो, असं मिरेय रोज स्वतःला बजावायची. बाळ मात्र रोझ म्हटलं की मान वळवायचं नाही.

एका संध्याकाळी, शहरातल्या तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, ओल्या लोकरीचा वास आला. दारावर खाली टकटक झाली.

"झेली आहे का?"

आवाज आत्याआजीचा होता. फक्त बोबडा.

"इथं... इथं त्या नावाचं कुणी नाही," मिरेय कशीबशी म्हणाली.

तिच्या पाठीमागे पाळण्यात बाळ खळखळून हसलं, आणि त्यानं दाराकडे दोन्ही हात पसरले.