डावऱ्या हाताचे टाके

तंबू की हॉटेल, या प्रश्नावर मास्तरांच्या घरात तीन आठवडे चर्चा चालली होती. चर्चा म्हणजे मास्तर बोलत आणि बाई ऐकत नसत. पस्तीस वर्षं कारखान्यात तंबू शिवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी स्वतः कधी तंबूत पाठ टेकली नव्हती, तेव्हा हौस दांडगी. बाईंना दमा. ऐन उन्हाळ्यात वाळवंट बघायचंच असेल तर ते गार खोलीच्या काचेतून, एवढंच त्यांचं म्हणणं.

दुपारी दोनला पोचले तेव्हा हॉटेलचा व्यवस्थापक म्हणाला, "खोली पाचला मिळेल. तोवर इथं बसा, पंखा आहे."

मास्तरांना तेवढंच हवं होतं. "पाचपर्यंत माझा तंबू, पुढे तुझी खोली. झालं?"

"पाचला मी उठून चालू लागेन," बाई म्हणाल्या. "तुम्हाला यायचं तर या, नाहीतर करा तंबूशीच संसार."

भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरने त्यांना जवळच्याच एका टेकाडाच्या पायथ्याशी सोडलं. "उन्हाळ्यात इथं कोणी तंबू ठोकत नाही, मास्तर."

"का?"

"ठोकत नाही, एवढंच." त्याने काच वर केली.

मास्तरांनी स्वतः शिवलेला तंबू ठोकला. पिशवी बाहेर तंबूच्या सावलीत ठेवली. बाई कपाळावर ओला रुमाल घेऊन आडव्या झाल्या. तापलेल्या कापडाचा आणि मेणाचा वास दाटला होता. मास्तरांचा डोळा लागतोय तोच आवाज आला.

टच्... सुर्रर्र. टच्... सुर्रर्र.

जाड कापडातून सुई जाते, मागून मेण लावलेला दोरा ओढला जातो. हा आवाज त्यांनी जन्मभर ऐकलेला, त्यामुळे आधी बरंच वाटलं. मग त्यांनी डोळे उघडले. दाराच्या दोन पडद्यांमधून, तळाशी, सुईचं टोक आत आलं, चमकलं, परत गेलं. बाहेर लख्ख ऊन होतं. शिवणाऱ्याची सावली मात्र कापडावर नव्हती.

दुसरा कोणी असता तर दाराकडे धावला असता. मास्तर चष्मा लावून टाके बघत बसले. सारख्या अंतराचे, घट्ट, आणि उलट्या बाजूला झुकलेले. कारखान्यात असे टाके एकाच माणसाचे पडत. बाकी सगळे उजवे, मास्तर एकटे डावरे. हात साफ आहे, असं कौतुक त्यांच्या मनात येऊन गेलंसुद्धा. तेवढ्यात शिवण खांद्याच्या वर पोचली.

"कोण आहे...?"

सुई थांबली. नावाने हाक मारल्यावर माणूस थांबतो, तशी. मग दुप्पट वेगाने सुरू झाली.

"अहो..." बाई उठून बसल्या होत्या. ओठ काळपट पडले होते. "श्वास... पंप द्या..."

पंप बाहेर पिशवीत होता. मास्तरांनी दाराला खांदा लावला. आपली शिवण उसवत नाही, असं ते गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत. उसवली नाही.

त्यांनी खिशातली कात्री काढली आणि मागच्या कनातीला, तंबूच्या कापडी भिंतीला, लावली. पुरा झालेला तंबू त्यांनी आजवर कधी कापला नव्हता. हात क्षणभर अडखळला. त्या क्षणाची लाज त्यांना पुढे कायम वाटत राहिली. मग वरपासून खालपर्यंत कापड फाडून त्यांनी बाईंना बाहेर ओढलं आणि पंप तोंडाला लावला. वाळूत पावलं होती ती त्या दोघांचीच.

सहापर्यंत, गार खोलीत, बाईंचा श्वास ताळ्यावर आला. "फिटली हौस?"

"फिटली."

पण व्यवस्थापकाने निरोप धाडला, तंबू अंधार पडायच्या आत उचला. मास्तर ड्रायव्हरला घेऊन गेले. तंबू होता तसाच उभा होता. दार वरपर्यंत शिवलेलं. मास्तर वळसा घालून मागे गेले.

त्यांनी कापलेली कनातही कोणीतरी शिवली होती. टाके तसेच, झुकलेले. सवयीने त्यांनी बोटाने शिवणीची गाठ चाचपली. शिवणारा ज्या बाजूला बसतो, गाठ त्या बाजूला येते.

बाहेर गाठ नव्हती.

ड्रायव्हर हलक्या आवाजात म्हणाला, "मास्तर... बाई खोलीतच आहेत ना?"

"हो. का?"

त्याने कनातीकडे बोट दाखवलं. वारा केव्हाच पडला होता. कनात मात्र हळूहळू फुगत होती, आणि तितक्याच हळू आत जात होती.